तीन ॲरिस्टार्कस, दोन विश्वंभर

माणूस जिवंत असताना त्याच्या खोलीतली हवा बंद झाली, आणि बंद करणाऱ्याला आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. चंद्रावरच्या वस्तीत, आजोबांच्या बंद दारापुढे उभ्या असलेल्या आर्द्राला हे कोडं सुटेना.

सकाळीच तिचा तान्हा भाऊ गेला होता. आईबाबा वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, दवाखान्यात होते. बाबा धावत निघाले होते, पण दार उघडणं दक्षच्या हाती होतं. दक्ष म्हणजे वस्तीचा श्वास सांभाळणारा यंत्रमानव. कुणी वारलं की त्याच्या वाट्याचा प्राणवायू (हवेतला ज्यावर आपण जगतो तो भाग) तो इतरांकडे वळवत असे.

"दवाखान्याच्या नोंदीप्रमाणे विश्वंभर खांबेटे मृत आहेत," दक्ष म्हणाला.

"अरे शहाण्या, मग तुझ्याशी बोलतंय कोण?" आतून आजोबांचा आवाज आला. त्यांना धाप लागली होती.

"जुनं ध्वनिमुद्रण असावं."

आर्द्राला एकदम कोडं उलगडलं. बाळाचं नावही विश्वंभरच होतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं. पण सासऱ्यांचं नाव तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून आई त्याला बाळच म्हणायची. मग सगळेच बाळ म्हणू लागले. एका नावाची दोन माणसं घरात आहेत, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

दक्षनं असा घोळ मागेही घातला होता. ॲरिस्टार्कस नावाच्या प्राचीन ग्रीक माणसानं शोकनाटकं लिहिली, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडलं, जुन्या काव्यांचे पाठ शुद्ध केले आणि तो तीनशेहून जास्त वर्षं जगला, असं त्यानं सांगितलं होतं. आजोबा हसून बेजार झाले होते. मग त्यांनीच त्याला समजावलं होतं.

"दक्ष, सूर्य मध्यभागी ठेवणारा ॲरिस्टार्कस कुठला?" आर्द्रानं विचारलं.

"सामोसचा. नाटककार तेगेआचा. पाठ तपासणारा सामोथ्रेसचा. गाव वेगळं, काळ वेगळा, म्हणून माणसं तीन."

"मग विश्वंभर कुठले? कुणाचे?"

दक्षनं नोंदी पुन्हा चाळल्या. "जन्म वाई, वडील केशव. आणि जन्म चंद्र, वडील अनंत. मी दोघांना एकच धरलं. गेलं कोण?"

त्याचं उत्तर सकाळपासून घरात कुणीच उच्चारलं नव्हतं.

"चंद्रावरचा गेला," आर्द्रा हळूच म्हणाली. "माझा भाऊ."

दार सरकलं. हवा फुसफुसत आत शिरली. भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि आर्द्रा त्यांना बिलगली.

त्या दिवसापासून दक्ष नावावर विसंबेनासा झाला. वस्तीत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला तो अभिज्ञान (दुसऱ्या कुणाचीच नसेल अशी ओळखीची खूण) देऊ लागला. बाळाची नोंद पुसू का, असं त्यानं विचारलं तेव्हा आजोबा नको म्हणाले. तो होता, एवढं तरी राहू दे.

संध्याकाळी आईनं देवापुढे विजेचा दिवा लावला. ज्योत हवा खाते, म्हणून तिथे तेलवात चालत नसे. हात जोडून तिनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"विश्वंभर अनंत खांबेटे," आई म्हणाली. पहिल्यांदाच.