पाव आणि कंपनी

डहाणू रोडहून सुटलेली बोर्डीची एसटी वळणावर कलली आणि निशिगंधाच्या मांडीवरचं चिकूचं कलम शेजारच्या तरुणाच्या गालाला टोचलं.

"सॉरी हं! कलम आहे..."

"ग्रीक दिसतंय," तो गाल चोळत हसला.

"डहाणूच्या नर्सरीतलं आहे हो, आमच्या बोर्डीच्या वाडीसाठी!"

"झाड तुमचं. शब्द ग्रीकांचा. कालामोस म्हणजे बोरू. अरबस्तानातून फिरत फिरत तुमच्या मांडीवर आला."

तो मनिष. मूळचा झरीचा, बोर्डीत भाषा शिकवणारा. मग एसटीत रोजच गाठ पडू लागली. ती शब्द विचारायची, तो त्याच्या मुळाशी जायचा. पगार, चावी, तुरुंग... पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेले, पण मूळचे लॅटिन. खाऱ्या वाऱ्यावर तिची बट उडायची आणि त्याचं वाक्य अर्ध्यातच राहायचं.

"आणि चिकू?" एकदा तिने भुवई उडवली.

"मेक्सिकोकडचा म्हणतात. पण... पक्कं नाही ठाऊक."

ते 'पक्कं नाही ठाऊक' तिला फार आवडलं.

एका शुक्रवारी मात्र तिने शब्द विचारला नाही. ती म्हणाली, "रविवारी मला बघायला येतायत. मुलगा वापीला असतो."

मनिषला दोघांतलं अंतर दिसलं. तिची चिकूची वाडी. त्याचे वडील दुसऱ्यांच्या वाडीत मजुरीला जाणारे.

बोर्डीला उतरून ती मुद्दाम हळू चालली. मागून हाक आली— "निशिगंधा, थांब ना!" पहिल्यांदाच एकेरीत. त्याच्या हातात बेकरीतला गरम पाव होता.

"पाव लॅटिन. पानिस. आणि कंपनी म्हणजे... सोबत पाव खाणारे." त्याने पाव पुढे केला. "मला तुझी कंपनी हवी. जन्मभर."

"एवढ्यासाठी लॅटिनपर्यंत गेलास?" तिने पाव मोडला, अर्धा त्याच्या हातावर ठेवला. डोळे भरले होते, ओठ हसत होते. "चल. बाबा वाडीतच आहेत."

"आत्ता?"

"आत्ता. आणि तिथे मराठीत बोल."

तिचे वडील गोविंदराव झाडाखाली चिकूंची पाटी भरत होते. मनिषने सगळं सांगितलं— झरी, वडिलांची मजुरी, निशिगंधा. एकही शब्द सजवला नाही.

"मला हाच हवाय, बाबा," ती म्हणाली.

गोविंदरावांनी पाटी बाजूला सारली. मग हातावरची माती झटकली.

"वापीवाल्यांना नको म्हणून कळवतो. म्हणजे रविवार मोकळाच झाला." ते मनिषकडे वळले. "झरीला तुझे वडील घरी असतील ना?"