खालच्या कॉम्प्युटरवरची आई

तू म्हणशील, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हण. पण आधी ऐकून घे.

आई दवाखान्यातच वारली, आणि बाबांचं बोलणंच आटलं. तेव्हा मी घरातल्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि सगळे व्हिडिओ एका सर्व्हरवर ठेवले. सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. माझ्या वरच्या खोलीत, कपाटात घरघरत बसलेला एक काळा डबा. त्यातलं फोल्डर नेटवर्कवर शेअर केलं, की खाली बाबांच्या आणि वर माझ्या, दोन्ही कॉम्प्युटरवर तेच व्हिडिओ लागायचे. बाबांनी फक्त दोनदा टिचकी मारायची.

त्यांचा आवडता व्हिडिओ एकच. आई स्वयंपाकघरात भांडी पुसतेय. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून लटक्या रागाने म्हणते, "पुरे आता. बंद करा ते." संपला. बाबा तो लावून तासन्‌तास बसायचे. निदान दोन घास जेवू लागले, म्हणून मलाही हायसं वाटलं.

एकदा तिन्हीसांजेला मी वर काम करत होते. बाहेर दाट धुकं उतरलं होतं. खालून बाबांचा आवाज आला. ते कुणाशी तरी बोलत होते. बोलायचे, थांबायचे, मग हसायचे. शेजारचे काका आले असतील म्हणून मी कान दिला, तर भांड्यांचा आवाज. म्हणजे व्हिडिओच चालू होता. सहज मीही इकडे तो लावला.

आई भांडी पुसत होती. "पुरे आता. बंद करा ते," म्हणाली. इथे व्हिडिओ संपायला हवा होता. संपला नाही. तिने ताटली खाली ठेवली आणि मान किंचित कलती करून उभी राहिली... कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

खालून बाबा म्हणाले, "अगं, इतके दिवस होतीस तरी कुठे?"

माझ्यासमोर, पडद्यावर, आईचे ओठ हलले. "आले ना आता. मागचं दार उघडा. बाहेर फार गार आहे हो..."

खाली खुर्ची सरकली.

मी तशीच धावायला हवं होतं. पण आधी सुचली ती वायर. कपाट उघडून मी ती हिसडून काढली. डब्याची घरघर थांबली, माझा पडदा काळा झाला. खाली मात्र भांडी वाजतच होती.

"अहो," खालून आईचा आवाज आला, अगदी हळू. "तिने वायर काढली का?"

"काढली वाटतं," बाबा म्हणाले. "तू नको काळजी करूस."

जिना कसा उतरले, ठाऊक नाही. बाबा मागच्या दाराशी उभे होते. कडी अर्धी सरकली होती. मी त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, नको..."

"अगं, तुझी आई गारठलीये बाहेर."

"आई नाहीये, बाबा."

हट्टी पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग दार कोण ढकलतंय?"

दार खरंच आत येत होतं. वाऱ्याने हलतं तसं नाही. पलीकडून कुणी थकून पाठ टेकावी, तसं. फटीतून फिनेलचा वास आला, दवाखान्यातला. मी कडी परत लावली आणि अंगाचा सगळा भार दारावर टाकला. कितीतरी वेळाने पलीकडचा भार निघून गेला. बाबा तिथेच खाली बसून हमसून हमसून रडले.

सर्व्हर मी फोडून भंगारात दिला. बाबांनी काही दिवस अबोला धरला, मग माणसात आले. मला वाटलं, निभावलं.

आज दुपारी कॉम्प्युटरला प्रिंटर सापडेना म्हणून मी नेटवर्कवर काय काय जोडलंय त्याची यादी उघडून बघितली. माझा कॉम्प्युटर, बाबांचा, आणि आणखी एक. बिननावाचा. त्यात एकच व्हिडिओ आहे. मी लावला नाही, पण त्याचं बारकं चित्र दिसतंय. आमचं स्वयंपाकघर आहे. खिडकीला हिरवा पडदा आहे, जो मी आज सकाळीच लावला. आणि बाबा टेबलाशी बसून, कॅमेरा धरणाऱ्याकडे बघून, हसतायत.

मी खाली जाऊन विचारलं, "बाबा, सकाळपासून कुणी आलं होतं का?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल... आत्ताच डोळा लागलाय तिचा."