उपाशीपोटी तोललेलं घर

डॉक्टरीणबाई घर पारखायला डोंगराकडे निघाल्या त्या रागातच. तशा त्या कुठेही रागातच निघत. जनावरांच्या दवाखान्यात हयात गेलेली बाई! लाथ उगारलेल्या एका खेचरानं त्यांचा चेहरा पाहून पाय हळूच खाली ठेवला होता, आणि त्यानंतर ते खेचर मालकालासुद्धा विचारून लाथ मारायचं, असं सांगतात. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. खेचर आता हयात नाही.

पण त्या सकाळच्या रागाला खरं कारण होतं. खिंडीपलीकडच्या कुरणावर दर हंगामाला मेंढपाळ कळप घेऊन चढत आणि तिथेच मेंढ्या व्यायच्या. त्या बाजूला दुसरा डॉक्टर नाही. बाई तंबू ठोकून राहत. गेल्या हंगामात ओल्या जमिनीवर झोपून त्यांची कंबर अशी धरली की मेंढपाळांनी त्यांना तट्टावर आडवं टाकलं आणि पोत्यासारखं बांधून खाली आणलं. तेव्हापासून मुलगा मागे लागला होता.

"आई, आता पुरे. माझ्याकडे येऊन राहा."

मुलाच्या घरी बाईंसाठी खोली तयार होती. खोलीत खुर्ची होती आणि खुर्चीसमोर माशांची काचपेटी.

"मासे आजारी तरी पडतात का रे?"

"नाही गं आई. थेट मरतातच."

म्हणजे मामला सरळ होता. यंदा विणीच्या आत कोरडं अंथरूण आणि डोक्यावर छप्पर मिळालं तर कुरण, नाहीतर काचपेटी!

म्हणून बाई गावाबाहेरच्या जुन्या गाड्यांच्या आवारात गेल्या होत्या. सोबत धाकटे दीर, भावजी. हयातभर बस चालवून निवृत्त झालेले, पण अजूनही कुणी खुर्चीवरून उठलं की "पुढे सरका" म्हणणारे. आवारात एक कॅम्पर होता. पिकअपच्या हौद्यात बसवायचं पेटीसारखं घर. आत बिछाना, टेबल, शेगडी, पाण्याची टाकी. नको तेव्हा चार जॅकवर उभं करून खालून गाडी काढून घ्यायची. बाहेरून पांढराशुभ्र रंग, आत भिंतींना फुलाफुलांचा कागद. आणि दारात शेठ. गुबगुबीत, गुळगुळीत, हात जोडून उभे.

बाईंनी जनावर पारखावं तसं घर पारखलं. चारही जॅक खालीवर करून पाहिले. दार उघडून जबड्यात डोकवावं तसं आत डोकावल्या. मग गळ्यातला स्टेथोस्कोप भिंतीला लावून बोटानं ठोकायला लागल्या. आत पाणी मुरलं असेल तर आवाज बदलतो, मग ती भिंत असो की म्हशीची बरगडी. पण आत रेडिओ ठणाणा वाजत होता.

"तो बंद करा आधी!"

"बटण अडकलंय बाई," शेठ म्हणाले. "पण आवाज बघा ना, आहे का कुठे खरखर?"

बाईंना भिंतीतून फक्त गाणं ऐकू आलं.

मग वजन. बाईंच्या पिकअप ट्रकला झेपेल एवढंच ओझं लादायचं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि जनावर तोलायचं ते उपाशीपोटी, चारापाण्याच्या आधी, हा त्यांचा धंद्याचा दंडक! त्यांनी वरून नळी घालून टाकी रिकामी करवली. गॅसचं सिलिंडर उतरवलं. गादीसुद्धा बाहेर काढायला लावली. मग घर ट्रकवर बसवून गाडी वजनकाट्यावर चढवली. ओझं ट्रकच्या ताकदीत बसत होतं, अगदी काठोकाठ.

"उत्तम!" बाई म्हणाल्या.

"वहिनी, पण आपण काय उपाशी जाणार का?" भावजींनी विचारलं. त्यांना स्वतःच्या उकडलेल्या अंड्यांची काळजी होती. बाईंनी असं पाहिलं की भावजींनी तोंड मिटलं.

"बिनधास्त न्या!" शेठ म्हणाले. "खिंड पार करून आणा, मगच घ्या. त्रास झाला तर पत्र्यासकट खाऊन दाखवीन!"

"छान. चला मग."

"मी? अहो, माझं पोट नाजूक आहे."

"मी डॉक्टर आहे."

"जनावरांच्या!"

"मला चालतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेठना दंडाला धरून मधल्या सीटवर बसवलं.

निघताना टाकी तोंडापर्यंत भरली. खिंडीपलीकडे या दिवसांत झरे आटलेले असतात. औषधांच्या पेट्या चढल्या, सिलिंडर चढलं, गादी चढली, धान्य, दोऱ्या, अंडी, आणि सगळ्यांत शेवटी शेठ.

सपाटीवर घर झुलत होतं, पण लाडानं झुलावं तसं. दोन्ही बाजूंना करडे माळ पसरले होते, मधूनच खुरटी झुडपं, लांबवर डोंगरांची निळी रांग, आणि मागे रेडिओवर कुणीतरी प्रेमात पडत होतं. शेठ खूश होते. "बघा! पाळणा आहे पाळणा!"

चढ सुरू झाला आणि पाळण्याचा बैल झाला. पहिल्या वळणावर भावजींनी स्टिअरिंग फिरवलं. गाडी वळली, पण उशिरा, नाइलाज म्हणून वळल्यासारखी. दुसऱ्या वळणावर त्याहून उशिरा.

"वहिनी," भावजी हळूच म्हणाले, "पुढची चाकं रस्त्याला नुसती विचारून चाललीत."

"म्हणजे?"

"म्हणजे टेकत नाहीयेत धड!"

तिसरं वळण. उजवीकडे कडा. डावीकडे काही नाही. नुसती हवा! भावजींनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. गाडी सरळच! ब्रेक! मागचं घर कण्हलं, बॉनेट आभाळाकडे उचललं गेलं, आणि पुढची चाकं मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या टापांसारखी हवेत लोंबकळली. खाली एक घार उडत होती. खाली! तिनं वर पाहिलं, आणि लाजून नजर वळवली.

"कुणी हलू नका!" भावजी ओरडले.

"मी उतरतो," शेठ म्हणाले.

"तुम्ही तर मुळीच हलू नका!"

बाईंच्या डोक्यात तेवढ्यात लख्ख उजेड पडला, आणि त्याबरोबर रागाचा असा लोळ उठला की काच धुरकटली. पाणी! टाकी घराच्या पार शेपटाकडे. रिकामं तोललं, आणि भरून चढवलं! मेंढी बाजारात विकायची तर उपाशी तोलावी, मान्य. पण घर काय विकायचं होतं? हे पोट भरून डोंगर चढवायचं होतं! हयातभराच्या सवयीनं त्यांचं पार गाढव केलं होतं. आणि शेठ? शेठना हे ठाऊक होतं. काट्यावर हा माणूस गालात हसत उभा होता!

"भावजी, ब्रेक सोडू नका. शेठ, माझ्यामागून बॉनेटवर!"

"कुठे?"

"बॉनेटवर! वजन पुढे हवंय, आणि गाडीत सगळ्यांत जास्त वजन तुमचं आहे!"

बाई खिडकीतून बॉनेटवर सरकल्या आणि शेठना कॉलर धरून ओढलं. शेठ रडत होते, देव आठवत होते, मधूनच मागे वळून गाडीची तारीफही करत होते, सवय हो! ते टेकले मात्र, आणि बॉनेट धप्पकन खाली आलं. चाकांनी रस्ता धरला. बाईंनी बैल बांधायच्या दाव्यानं शेठना आरशापासून आरशापर्यंत बांधून टाकलं.

मग त्या कड्याच्या बाजूनं, पोट आत घेऊन, मागे पोचल्या. टाकी उघडायचा नळ फिरेना. त्यावरून पांढराशुभ्र रंग फासलेला! बाईंनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मग शांतपणे बॅग उघडली आणि ट्रोकार काढला. गाईचं पोट फुगून जीव गुदमरायला लागला की कुशीत खुपसतात ती जाड, पोकळ सुई.

"अहो, काय करताय?" बॉनेटवरून शेठ किंचाळले. "नवी टाकी आहे!"

"पोटफुगी आहे!" बाई गरजल्या, आणि टाकीच्या कुशीत ट्रोकार खच्चकन घुसवला.

पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट दरीत. पाणी संपेपर्यंत बाई तिथेच उभ्या राहून शिव्या देत होत्या. अर्ध्या शेठना, अर्ध्या स्वतःला. भावजींनी नंतर सांगितलं की वाटणी अगदी न्यायाची होती.

गाडी पुन्हा चढायला लागली. पुढे बॉनेटवर शेठ, वारा खात, डोळे मिटून. प्रत्येक वळणावर भावजी खिडकीतून ओरडायचे, "शेठ, डावीकडे झुका! पुढे सरका!" त्या घाटात गाडीला असा वाहक पुन्हा लाभला नाही.

खिंडीच्या माथ्यावर गारांनी गाठलं. आधी आभाळ शाईसारखं झालं, मग पत्र्यावर एक टण्ण, मग हजार! गारा लिंबाएवढ्या. काही तर सोबतीला पानांसकट आल्या होत्या, असं शेठ शपथेवर सांगतात, पण तेव्हा त्यांच्या डोक्यावर बऱ्याच पडून झाल्या होत्या. बाईंनी दावं कापलं, तिघंही धावत घरात शिरले आणि दार लावलं.

आत रेडिओ चालूच होता. आणि छप्पर गळत होतं! बिछान्यावर धार, टेबलावर धार, भिंतीवरची फुलं भिजून सोलून पडू लागली. सोललेल्या फुलांमागे लाकूड नव्हतं. काळा चोथा होता. बाईंनी त्यात बोट घातलं. पेरापर्यंत गेलं.

बाईंनी बोट शांतपणे पुसलं. हे फार वाईट लक्षण. त्या उठल्या आणि रेडिओचं बटण दाबलं.

रेडिओ बंद झाला. लगेच! मुकाट!

गारांच्या आवाजात बाईंनी भिंतीवर टिचकी मारली. भद्द. दुसरी. भद्द. स्टेथोस्कोपही लागला नाही.

"अडकलं होतं ना बटण?"

शेठ टेबलाखाली गेले.

"बाहेर या. मारणार नाही. धड टेबल हे एकच आहे, तेही मोडेल."

गारा थांबल्यावर ते कुरणावर उतरले, तर मेंढपाळीण ओरडत धावत आली. "डॉक्टरीणबाई! बरं झालं आलात! मेंढी अडलीये सकाळपासून! पिल्लू आडवं आहे!"

राग बाजूला. मेंढी आत! त्याच टेबलावर, त्याच गळक्या छपराखाली. भावजींनी शेगडीवर गारा वितळवून पाणी तापवलं. शेठना ओल्या भिंतीला पाठ लावून मेंढीचं डोकं धरायला बसवलं. बाईंनी बाह्या सरसावल्या, हात आत घातला, डोळे मिटले. "हा पाय... नाही, हा मागचा... थांब गं राणी, थांब!" वळवलं. सुटलं! ओलंचिंब कोकरू टेबलावर घसरलं, शिंकलं आणि शेठच्या मांडीवर येऊन पडलं. मागोमाग दुसरं!

"दोन!" शेठ ओरडले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा विक्री नव्हती.

त्या रात्री बाई गादीच्या कोरड्या टोकाला, अंगाचं मुटकुळं करून झोपल्या. सकाळी उठल्या तर कंबर सरळ! कुणी हात दिला नाही, तट्टू लागलं नाही. बाई दारात उभ्या राहून कुरणाकडे पाहत होत्या. त्यांना हवं होतं ते हेच. फक्त हे कुजकं घर नव्हे.

शेठ कोकरू बगलेत घेऊन जवळ आले. "बाई, तुम्हीच घेऊन टाका हे. फुकट! मला काही नको."

भावजींचे डोळे चमकले. "वहिनी, फुकट म्हणतायत!"

बाई खाली उतरल्या आणि घराला ट्रकशी आवळणाऱ्या साखळीपाशी गेल्या. साखळी ज्या बोल्टला होती तो त्यांनी दोन बोटांनी धरला आणि गाजर उपटावं तसा उपटून काढला. मागून भुसा गळला.

"काल घाटात हे घर ट्रकला नुसत्या रंगानं धरून होतं, भावजी. फुकट मरण महाग असतं की स्वस्त, ते यांना विचारा."

शेठ कोकरासकट दोन पावलं मागे सरकले.

बाई घराभोवती एक फेरी मारून आल्या, जनावराभोवती मारतात तशी. "हे जनावर ओझं वाहणार नाही. एक मैलसुद्धा नाही. पण दावणीला उभं राहील." त्यांनी जॅककडे बोट दाखवलं. "पाय शाबूत आहेत. उतरवा इथेच! वरून ताडपत्री टाका. गळतं तिकडे कोकरं, कोरडं तिकडे मी. पाणी भावजी सपाटीवरून डब्यांनी आणतील, ट्रकला झेपेल तेवढंच. आणि तोलायचं ते भरून!"

चार जॅक खाली आले, घर त्यांच्यावर उभं राहिलं, भावजींनी खालून ट्रक काढला. पाठ मोकळी झालेला ट्रक जागच्या जागी हलका झाल्यासारखा दिसत होता.

"मुलाला काय सांगू, वहिनी?"

"सांगा, मासे त्यानंच बघावेत."

शेठ ट्रकमध्ये बसले. गाडी सुरू होणार, तोच बाई धावत आल्या आणि त्यांनी भिंतीतून वायरींसकट उपसलेला रेडिओ शेठच्या मांडीत आदळला.

"हा घेऊन जा. पुढच्या हंगामाआधी मला चालतंफिरतं, धड घर लागणार आहे, आणि ते तुमच्याच आवारातून घेणार. तेव्हा एक गिऱ्हाईक येईल, टाकी भरून तोलायला हातात पाण्याचे डबे घेऊन. त्याच्यासमोर हा वाजवून दाखवा!"

"येईल तेव्हा... रागात असेल का हो ते?" शेठनी घाबरत विचारलं.

"म्हणजे काय!" बाई म्हणाल्या. "राग तर मी आत्तापासूनच राखून ठेवतेय."