अकरा नंबरचा पेशीवंश

मिरजेच्या कर्कजनुक केंद्रात डॉ. इकबाल मुजावर तपासणीसाठी आला, तेव्हाच डॉ. पद्मजा उपाध्ये यांच्या कपाळाला आठी पडली. इकबाल एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वी दोघांचं चांगलंच वाजलं आणि तो केंद्र सोडून गेला. आता औषध मंडळाचा तपासनीस होऊन हजर! बरा आत्ताच उगवला, असं बाईंच्या मनात आलं. सोमवारी त्यांच्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू होणार होती. त्यासाठी चाळीस रुग्ण चालू उपचार सोडायला तयार झाले होते.

सगळी मदार होती अकरा नंबरच्या पेशीवंशावर. सव्वीस वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगानं गेलेल्या एका विणकराच्या या पेशी. माणूस गेला, पण त्याच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच राहिल्या. पहिली तेवीस वर्षं बाईंच्या औषधानं त्यातल्या निम्म्याही मरत नव्हत्या. मग एकाएकी सगळ्याच्या सगळ्या मरायला लागल्या. बाईंनी केंद्रभर पेढे वाटले होते. इकबालला नेमकं तेच खटकत होतं. औषध तेच, पेशी त्याच, मग हे घडलं कसं?

त्यानं पेशींचा जनुकठसा काढला. बोटांच्या ठशासारखाच हा ठसा. एकसारखी जुळी भावंडं सोडली तर दोन माणसांचा कधी जुळत नाही. विणकराच्या जुन्या नमुन्याशी तो जुळला नाही. मग इकबालनं केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचे ठसे लावून पाहिले आणि निकालाचा कागद बाईंसमोर ठेवला. पेशी पद्मजा उपाध्ये यांच्या होत्या.

बाईंचा पारा चढला. पण त्या कामात मुरलेल्या होत्या. काय झालं असेल ते त्यांना लगेच दिसलं. औषध निरोगी पेशींना मारत नाही ना, हे त्या दर आठवड्याला तपासत, आणि त्यासाठी रक्त काढायचं ते स्वतःचंच. दुसऱ्या कुणाच्या रक्तावर त्यांचा भरवसाच नव्हता. दोन्ही पेशींचं काम एकाच टेबलावर चाले. एक थेंब इकडचा तिकडे झाला की संपलं. आणि तीन वर्षांपूर्वी त्या टेबलावर कोण बसत होतं?

"तू मिसळलंस माझं रक्त," त्या म्हणाल्या. "जाता जाता माझं वाटोळं करायचं होतं तुला."

इकबालला राग आला नाही. हा आरोप येणार हे तो धरूनच चालला होता.

"कुणी मिसळलं हा प्रश्नच नाही, मॅडम. निरोगी रक्ताच्या पेशी बशीत दोन आठवड्यांत मरतात, हे तुम्हीच शिकवलंत मला. मी बाटलीभर रक्त ओतलं असतं तरी आज त्यातली एक पेशी उरली नसती. या तीन वर्षं वाढतायत. विणकराच्या पेशींना हटवून त्यांनी सगळी बशी बळकावलीय."

बाई खुर्चीत बसल्या. न मरणारी रक्तपेशी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गेली दोन वर्षं दम लागायचा. वय झालं म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला होता. रक्ताच्या कर्करोगाचा सावकाश वाढणारा प्रकार असणार. त्या घाबरल्या.

इकबालनं अहवाल पुढे केला. खाली दोन चौकटी होत्या. 'मान्य' वर खूण केली की चाचणी रद्द, औषधाचं उत्पादनही बंद. 'फेरतपासणी हवी' वर खूण केली की महिनाभराची मुदत. तोवर चाचणी सुरू होणार, औषध तयार होणार, चाळीस जण ते घेणार. त्यांना ते लागू पडेल याला आता काडीचाही पुरावा नव्हता. पुरावा होता तो एकाच माणसाबद्दल. आयुष्यभर शोधलेलं औषध नेमकं त्यांच्याच पेशींना मारत होतं, आणि महिनाभर गप्प बसलं तर ते त्यांच्या हाताशी येणार होतं.

इकबाल त्यांच्या पेनाकडे बघत होता. बाई फेरतपासणी मागणार, अशी त्याची खात्री होती. त्यानं आपली परीक्षा पाहायला मुद्दाम काही न बोलता कागद पुढे सरकवलाय, अशी बाईंची खात्री होती.

बाईंनी 'मान्य' वर खूण करून सही केली.

एकाच रुग्णासाठी औषध बनवायची खास परवानगी मिळू शकते, असं इकबालनं सांगितलं. अर्ज तो स्वतः लिहिणार होता, पण मंडळाच्या कारभारात आठ महिने कुठेच गेले नाहीत. तोवर काय होईल ते दोघांनाही माहीत नव्हतं. मग तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि संशय सोडूही नकोस. आजपासून मी रुग्ण आहे, इकबाल, आणि मला जगायचंय. औषधानं बरं वाटतंय असं मी सांगायला लागले, तर माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवू नकोस."