धाकटी होऊन परतणारी ताई

कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि न बसला तरी माझं काही अडत नाही: मी एका दूरच्या ताऱ्याजवळ जाऊन आलोय. तेही ताईबरोबर.

ताईचं यान पृथ्वीवर उतरणार, त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. तिला द्यायला एक जुनी अवकाश-कादंबरी पिशवीत भरता भरता मी ती पुन्हा वाचायला बसलो. लहानपणी आम्ही ती एकत्र वाचलेली. ताई भराभर वाचायची आणि पान उलटायला माझ्यासाठी थांबायची. तेव्हा मला फक्त ताऱ्यांकडे झेपावणारा कप्तान दिसला होता. त्याचा भाऊ तळावर उभा राहून हात हलवतो, हे लेखकानं दीड ओळीत उरकलंय. या वेळी मी त्या दीड ओळीपाशीच अडकलो. पान उलटवेना.

माझ्या नातीला, केयाला, वेगळंच कोडं पडलं होतं. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी त्र्याहत्तर वर्षांचा. मग यानातून आलेल्या फोटोत ती तिशीतली कशी? आणि असल्या बाईला आजी म्हणायचं तरी कसं?

मी तिला चेंडू आपटत अंगणात चालायला लावलं. चेंडू सरळ खाली जातो आणि सरळ वर येतो, असं ती म्हणाली. ओट्यावरून मला मात्र तो तिरका जाताना दिसत होता, म्हणजे त्याची वाट लांबली होती. मग मी सांगितलं, चेंडूच्या जागी प्रकाशकिरण धर. यानात तो दोन आरशांमध्ये खालीवर करतो; एक फेरी म्हणजे घड्याळाची एक टिकटिक. यान पुढे धावतं, म्हणून आपल्याला किरणाची वाट तिरकी, लांब दिसते. चेंडूला तुझ्या चालण्याचा वेग मिळतो, पण प्रकाश मोठा हट्टी, त्याचा वेग कुणासाठीच वाढत नाही. वाट लांब, वेग तोच, म्हणून टिकटिक उशिरा. आणि नुसतं घड्याळच नाही, यानातली नाडी, भूक, केसांची वाढ, सगळंच आपल्या मानानं संथ. हा कालविस्तार (वेगामुळे काळ संथ होणं). चालताना तो जाणवत नाही, पण ताईचं यान जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं गेलं. इथं पन्नास वर्षं सरली, तिची जेमतेम सात.

केया चेंडू काखेत धरून विचार करत राहिली. मी आपली माझ्या सफरीची गोष्ट सुरू केली. त्या ताऱ्याजवळ निळ्या धुळीची भुरभुर असते, ताईनं मला ती मूठभर पकडायला लावली, मग झाडांना पाणी कोण घालणार म्हणून मी दुसऱ्या यानानं जरा आधी परतलो.

"उद्या ती मला ओळखेल ना गं?" हे मात्र तोंडून निसटलं.

केयानं माझ्या सुरकुतलेल्या हाताकडे पाहिलं.

"आबा, थापा मारतोयस. तू गेला असतास तर तुझंही घड्याळ हळू चाललं असतं. तू आजीएवढाच असतास." मग तिनं तो हात धरला. "उद्या मीच सांगते तिला. आबा इथंच होता, सगळी पन्नास वर्षं."