लेओता मिसच्या दारातली चटई

"खाली वाक ना, डोकं दिसतंय तुझं!" फेतूने इओआनेला खसकन खाली ओढलं.

सामोआतल्या एका गावात, शाळेच्या कुंपणामागे तिघं दबा धरून बसली होती. तेरा वर्षांची फेतू, तिच्याच वर्गातला चुलतभाऊ इओआने आणि त्याची धाकटी बहीण तासी. सुट्टी लागलेली, शाळेला कुलूप. आणि तरी एक परका माणूस विज्ञानाच्या खोलीतली खोकी ट्रकमध्ये भरत होता!

"चोर!" तासी कुजबुजली.

"तो बघ, मायक्रोस्कोप उचलला!" इओआने म्हणाला.

"तुला काय ठाऊक? वर्गात कधी बसलास तरी का?" तासीने टोमणा मारला.

तो इओआनेला लागला. फेतूलाही. हायस्कूलच्या पहिल्या सत्रातले विज्ञानाचे सगळे तास दोघांनी धबधब्याच्या डोहात घालवले होते, आणि हळूहळू अख्खा वर्ग तिकडे ओढला होता. पुढारी फेतूच! "विज्ञान काय, पुढच्या वर्षी बघू!" हे तिचंच वाक्य. परीक्षेत एकही पोर पास झालं नाही. विज्ञानाच्या लेओता मिस ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. ते बघणं फेतू अजून विसरली नव्हती.

"ट्रक गावाबाहेर जाता कामा नये," ती म्हणाली. "मिसचं सामान आपण वाचवायचं! चला, नारळ!"

चर्चजवळच्या वळणावर त्यांनी डुकरांसाठी फोडून ठेवलेले नारळ रस्ताभर पसरले. तासीने रोजची हाळी घातली, आणि गावातली झाडून सगळी डुकरं धावत आली! ट्रक करकचून थांबला.

"अरे, हाकला ही डुकरं!" ड्रायव्हर ओरडला.

"कोणाची आहेत कोण जाणे, काका!" इओआने साळसूदपणे म्हणाला.

गलका ऐकून माणसं जमली. फेतूचे आजोबाही काठी टेकत आले. ते गावचे प्रमुख, शाळा कमिटीचेही.

"आजोबा, चोर पकडला!"

आजोबा खो खो हसले. "चोर कसला? आम्हीच बोलावलंय त्याला. विज्ञानाला कोणी बसत नाही, कोणी पास होत नाही. कमिटीने वर्ग बंद केला. सामान पलीकडच्या गावच्या शाळेला, आणि लेओता मिसही तिकडेच."

"मिसना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? हात वर केले, झालं!"

फेतूचा चेहरा खर्रकन उतरला. वर्ग पळवला होता खरा, पण तो ड्रायव्हरने नव्हे, तिने.

ती घरी पळाली, झोपायची चटई उचलली आणि त्याच वळणावरच्या मिसच्या दारात जाऊन ती डोक्यावर घेऊन बसली. सामोआतल्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असतं. मोठा अपराध झाला की घरातली सगळ्यात भारी चटई डोक्यावर घेऊन असं बसायचं. समोरच्याने चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसूनच राहायचं.

"अगं, खून केलास की काय?" जाणारे-येणारे हसत होते. "आणि तीही झोपायची चटई!"

"सरक," म्हणत इओआने चटईखाली शिरला. मागोमाग तासी.

मिसच्या घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. त्या जायच्या तयारीने पेटीत कपडे भरत होत्या. त्यांनी पाहिलं, आणि भरतच राहिल्या. ऊन चढलं. फेतूचे गुडघे भाजून निघाले. 'बरोबरच आहे, का उचलतील त्या?' तिला वाटलं.

एवढ्यात वरून दुसरी चटई पडली. रेशमासारखी मऊ, लग्नामयतालाच बाहेर काढायची! आणि आजोबा कण्हत शेजारी बसले.

"आजोबा, तुम्ही?"

"घरच्या पोराच्या अपराधाला घरचा मोठा बसतो. आणि हात वर करताना मीही पेंगतच होतो."

आता कोणी हसेना. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

चटई उचलली गेली. समोर मिस उभ्या होत्या.

"फेतू, पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली मी काय ठेवलं होतं?"

एरवी फेतूजवळ प्रत्येक गोष्टीला उलट उत्तर तयार असायचं. "माहीत नाही, मिस. मी नव्हते." तिला रडूच फुटलं. "चुकलं माझं."

"तुमच्याच डोहाचं पाणी होतं," मिस म्हणाल्या. "म्हटलं, पोरांना आवडेल."

त्यांनी आजोबांना हात धरून उठवलं. आजोबांनी कमिटी तिथेच उभ्याउभ्या भरवली. या वेळी आधी मिसना विचारलं, मग हात वर झाले: वर्ग इथेच राहणार.

"डुकरं कोणीही सोडेल," आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "पण आपणहून इथे येऊन बसायला छाती लागते. आम्हा म्हाताऱ्यांना ती पोरीने दाखवली!"

"बरं, पण आता डुकरं हटवा ना!" ड्रायव्हर काकुळतीला आला.

सगळी खोकी पोरांनीच उतरवली. मायक्रोस्कोप फेतूने कोणाला धरू दिला नाही.

सुट्टी संपली त्या दिवशी सकाळी ती पुन्हा डोहावर गेली. बाटली बुडवून भरली आणि तशीच मागे फिरली. तिच्यामागून अख्खा वर्ग शाळेत आला.