पिवळी गाडी आणि समीक्षा मॅडम

धाडच्या स्टँडवर आठवडी बाजाराची गर्दी नुसती उसळली होती, आणि नेमकी त्याच दिवशी वडझिरीची एसटी समीक्षाच्या डोळ्यांदेखत निघून गेली. हातात नेमणुकीचा आदेश, खांद्यावर जडशीळ पिशवी आणि रुजू व्हायचा शेवटचा दिवस... तिला रडूच यायचं बाकी होतं. जीपवाला "सीटा भरल्या की निघू" म्हणत निवांत चहा पीत बसला होता. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक पिवळी शाळेची गाडी वळली. काचेवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, वडझिरी.

"ओ दादा! थांबा ना... वडझिरीला सोडाल का?"

गाडी थांबली. खिडकीतून एक हसरा चेहरा बाहेर आला. दुमडलेल्या बाह्या, कपाळावर आलेले केस, आणि डोळ्यांत असा काही खट्याळपणा, की समीक्षाने उगाचच ओढणी सारखी केली.

"सोडतो की. पन ही लेकरांची गाडी हाय, मॅडम. लेकरू होऊन बसा लागंन."

ती मागे दोन दप्तरांच्या मधे अंग चोरून बसली. गाडी सुरू झाली तशी पोरांनी तालात एक इंग्रजी कविता म्हणायला सुरुवात केली. शेजारची दोन वेण्यांची मुलगी तर मान डोलावून म्हणत होती. समीक्षाने तिला विचारलं, "काय छान म्हणतेस गं! नाव काय तुझं? आणि या कवितेचा अर्थ काय?"

"राखी. अर्थ नाई शिकवला अजून."

"अर्थ वरच्या वर्गात भेटते, मॅडम," आरशातून उत्तर आलं. "ही माही पुतणी. आन मी कुलदीप. तुमी वडझिरीत कोणाकडं?"

"जिल्हा परिषद शाळेत. नवीन शिक्षिका आहे मी."

कुलदीप मोठ्याने हसला. "तिथं? अर्धं गाव तर रोज माह्या गाडीत बसून धाडच्या इंग्लिश शाळेत जाते! मग तुमी शिकवसान कोणाले?"

"उरलेल्या अर्ध्याला," समीक्षा म्हणाली आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघू लागली. आरशातले डोळे मात्र वडझिरी येईपर्यंत हसत होते. तिला राग आला होता, हे खरं. फक्त रागच आला होता, असं मात्र म्हणता येणार नाही.

शाळेत गेल्यावर राग विसरायला भरपूर काम होतं. पाचवीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक दोनच, एक ती आणि दुसरे मुख्याध्यापक शंकरराव सर. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मा पुसत सांगून टाकलं, "मॅडम, पट आणखी घसरला तर शाळेला कुलूप लागेल. ही लेकरं मग दोन नाले ओलांडून दुसऱ्या गावी जातील. म्हणजे, जाणारच नाहीत."

समीक्षाने कंबर कसली. चार्ट केले, रंगीत खडू आणले, छान छान प्रश्न काढले. आणि मुलं? मुलं तोंड उघडतील तर शपथ! पाचवीतला पोरगा फळ्यावरचं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घ्यायचा, पण काय उतरवलं ते त्याला वाचता येत नव्हतं. "मुलांनो, सुट्टीत तुम्ही काय काय केलंत?" असं तिने विचारलं, की सगळ्या माना खाली जायच्या. चौथीतली मलिहा मधल्या सुट्टीत पोपटासारखी बडबडायची. वर्गात आली की तिलाही कुणीतरी गप्प केल्यासारखं व्हायचं.

समीक्षाला काही केल्या उमगेना. धाडच्या खोलीवर परतताना तिला वाटायचं, आपल्याला शिकवता येत नाही, बास.

त्यात भर त्या पिवळ्या गाडीची. वडझिरीत गाडी वळवायला मोकळी जागा म्हणाल तर शाळेच्या फाटकासमोरचीच. रोज दुपारी, वाचनाचा तास ऐन रंगात यायच्या वेळी, कुलदीप तिथं गाडी उभी करायचा आणि आयांना पोरं घ्यायला बोलावण्यासाठी हॉर्न वाजवायचा. साधासुधा नाही, चांगला सुरात!

दिवाळीनंतरच्या एका दुपारी समीक्षाचं डोकं फिरलं. एक पोरगा आयुष्यात पहिल्यांदा अख्खी ओळ वाचत होता, अडखळत, घाम पुसत... आणि हॉर्न वाजला. पोरगा थांबला तो थांबलाच. समीक्षा हातातल्या खडूसकट तरातरा फाटकावर गेली.

"ओ दादा! कायले पोंगा वाजवून राह्यले हो? इथं लेकरं शिकून राह्यली, दिसत नाई काय? आत्ता कुठं माहं पोट्टं वाचाले लागलं होतं, आन तुमी त्याच्या तोंडचा घास हिसकून घेतला! घरोघरी जाऊन हाका माराले पाय दुखते काय तुमचे?"

कुलदीपचा हात हॉर्नवरच राहिला. समीक्षाही चमकली. हे आपणच बोललो? एकदा पुण्याच्या प्रशिक्षणात तिच्या तोंडून "मले" निघालं होतं आणि सगळी खोली हसली होती. त्या दिवसापासून तिने आपल्या गावची, डोणगावची बोली घट्ट मिटून ठेवली होती. आज इतक्या वर्षांनी ती भर रस्त्यात, भांडताना सांडली.

मागून खुदखुद ऐकू आली. खिडकीच्या गजांना अख्खी शाळा चिकटली होती. मलिहा ओरडली, "मॅडम! तुमी तं आमच्यासारख्याच बोलता!"

"हाव ना!" कुलदीप हळूच म्हणाला. "मले वाटलं होतं, मॅडम पुस्तकातूनच आल्या." आणि त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला आत जायचा रस्ताच क्षणभर सापडेना.

वर्गात आली तर नुसता कलकलाट! जो तो तिला काहीतरी सांगत होता. मलिहा सगळ्यांच्या पुढे. "मॅडम, काल आमच्या बकरीनं अम्मीची नवी ओढणी खाल्ली! अम्मी बकरीमागं पळे, आन अब्बा हसू हसू लोळे!"

समीक्षाने जराही विचार न करता ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. "वाचा बरं, काय लिहिलं?" आणि मुलांनी वाचलं. कारण ते त्यांचंच होतं ना! ओढणी कुठे आहे, बकरी कुठे आहे, सगळ्यांना बोट ठेवून दाखवता आलं. मग तिने त्याच्या शेजारी तेच वाक्य पुस्तकी मराठीत लिहिलं, आणि मुलं दोन्हींतला फरक शोधू लागली. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. त्या दिवशी समीक्षाला आनंदाने अक्षरशः नाचावंसं वाटलं.

मग रोज तसंच. आधी मुलांचं बोलणं, मग तेच फळ्यावर, मग पुस्तक. रोज दोन तास तिने इयत्ताच बाजूला ठेवल्या. अक्षर ओळखणारे एका घोळक्यात, शब्द वाचणारे दुसऱ्यात, धडा वाचणारे तिसऱ्यात. कुणी मोठा लहानांत बसला म्हणून त्याला हसायचं नाही, आणि जमलं की उठून पुढच्या घोळक्यात जायचं. शंकरराव सर आधी बिचकले. "फळ्यावर बकरी, ओढणी... साहेब आले तर काय म्हणतील?" मग एक दिवस त्यांनीच लहानपणी विहिरीत पडलेल्या चपलेची गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं.

हॉर्न? तो त्या दिवसापासून बंद. फाटकाच्या अलीकडेच कुलदीप इंजिन बंद करायचा आणि गाडी उताराने अलगद येऊन उभी राहायची. त्याने स्वतः घरोघरी जाऊन हाका मारल्या, की मग तो खिडकीपाशी टेकून उभा.

"तुम्हाला काही काम नाही का हो?" एकदा तिने विचारलं.

"हाय ना. ऐकून राह्यलो."

"काय?"

"धडा..." तो म्हणाला. "आन धडा सांगणारीचा आवाज."

कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या! थंडीचे दिवस होते म्हणून बरं, गालांच्या लालीचं खापर वाऱ्यावर फोडता आलं. संध्याकाळची एसटी चुकली, की कुलदीप तिला धाडला सोडायचा. आजकाल ती जरा जास्तच चुकू लागली होती. अशाच एका संध्याकाळी, दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं मागे पळत असताना, त्याने अचानक विचारलं, "मॅडम, एक सांगा. तुमी मले दादा म्हननं काऊन बंद केलं?"

"मी? कधी?"

"संक्रांतीपासून. आता 'ओ' म्हनता, 'ऐका ना' म्हनता... पन दादा नाई."

"रस्त्याकडं पाहा," समीक्षा म्हणाली आणि स्वतः मात्र त्याच्याकडे बघत राहिली.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख आले. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून मुलांनी कधी न पाहिलेलं पुस्तक काढलं. मलिहाने पान वाचलं, आणि मग न विचारताच सगळी गोष्ट आपल्या शब्दांत सांगून टाकली. तो घाम पुसत वाचणारा पोरगाही सलग वाचून गेला. साहेबांनी शंकररावांचा हात हातात घेतला. गावभर बातमी पसरली. इंग्लिश शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आया आपापल्या पोरांपुढे वर्तमानपत्र धरू लागल्या, आणि पोरं त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

इथंच समीक्षाचा जीव अडकला. पाडव्याला नवीन नावं घालायची. शाळा वाचवायची तर मुलं हवीत, आणि मुलं येणार कुठून? कुलदीपच्या गाडीतून! तिच्या पटावर चढणारं एकेक नाव त्याच्या गाडीतून उतरणार होतं. त्या गाडीशिवाय त्याला दुसरा धंदा नव्हता. ती घरोघर फिरली, फक्त त्याच्या घरी गेली नाही.

"साऱ्या गावाले भेटल्या. आमच्या घरी काऊन नाई?" त्याने फाटकात गाठलं.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं पोट मारून शाळा भरायची? कोणत्या तोंडानं?"

पहिल्यांदाच तो हसला नाही.

पाडव्याच्या सकाळी व्हरांड्यात पालक जमले. मलिहाचे वडील फारुखभाई म्हणाले, "माही पोरगी शिकली, मले ठावं हाय. पन लोक इंग्लिशचं इचारतात."

"इंग्लिश पण शिकवीन," समीक्षा म्हणाली. "पण अर्थासकट."

लोक एकमेकांकडे बघत राहिले. कुणी पुढे होईना. तेव्हा मागच्या खांबाजवळून कुलदीप उठला.

"मी रोज तुमची लेकरं नेतो," तो म्हणाला. "त्याह्यचं पाठांतर मले सुद्धा पाठ झालं, पन अर्थ त्याह्यले बी नाई आन मले बी नाई. इथं लेकरं इचारतात, वाचतात, हसतात. मी खिडकीतून पाह्यलं हाय. दादा-वहिनीले इचारून आलो. शंकरराव सर, राखीचं नाव लिहा. पहिलं."

मग नावांची रीघच लागली. समीक्षा आत जाऊन फळ्याकडे तोंड करून रडली. शाळा वाचली होती आणि तिच्या माणसाची गाडी रिकामी झाली होती.

सुट्टीत ती डोणगावला गेली. आईने स्थळं दाखवली, तिने एकेकाला नकार दिला. कुलदीपचा फोन आला नाही. तिने कितीदा तरी त्याचा नंबर काढला, आणि काय म्हणायचं ते न सुचून ठेवून दिला.

शाळा उघडली तेव्हा व्हरांडा पोरांनी गजबजून गेला होता. फाटकासमोरची जागा मात्र मोकळी. गाडी विकली असेल... समीक्षाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आणि मधल्या सुट्टीत ती आली! मेथी-कोथिंबिरीचा हिरवा वास आधी, गाडी मागून. कुलदीपने मागचं दार उघडलं. आत भाजीचे रिकामे कॅरेट, आणि सुटी काढलेली सगळी मागची बाकं.

"गावची भाजी बुलढाण्याले नेऊन राह्यलो," तो म्हणाला. "दीड महिना झाला. चाललं हाय बरं. ही बाकं शाळेले घ्या, पहिलीतल्यांले बसाले."

"फोन का नाही केला?"

"धंदा जमल्याबगर कोण्या तोंडानं करू? तुमाले वाटलं असतं, बिचारा बुडाला."

समीक्षाला हसू आणि हुंदका एकदमच आला. ते लपवायला ती गाडीत डोकावली. "सगळ्या सीटा काढल्या, मग ड्रायव्हरशेजारची का ठेवली?"

"ती... ती तुमच्या..." तो अडखळला. एरवीचा बोलघेवडा, पण आता कॅरेटच्या दोऱ्या सोडवत बसला.

"अर्धवट उत्तराला माझ्याकडं गुण नाहीत. पूर्ण वाक्यात सांगा."

कुलदीपने दोऱ्या सोडल्या. तिच्याकडे सरळ पाहिलं. "मले तुमच्यासंगं लगन कराचं हाय. तुमी मले लय आवडता. पोंगा बंद कराले आल्या, त्या दिवसापासून." मग आवाज खाली गेला. "डोणगावले येऊन तुमच्या आईले इचारू काय? गाडीवाला हाय म्हणून हाकलून तं नाई देणार?"

"नाई," समीक्षा म्हणाली, अगदी त्याच्याच बोलीत. "मी तिले सांगून ठेवलं हाय. वडझिरीचा गाडीवाला येईन म्हणून."

तो बघतच राहिला. "कधी सांगितलं?"

"शेवटच्या स्थळाले नाई म्हटलं, त्याच दिवशी."

"आन मी आलोच नसतो तर?"

"तर मी आले असते तुमच्या घरी," ती म्हणाली. "एकच घर राह्यलं होतं ना माहं जायाचं."

वर्गाची घंटा झाली. बाकं उतरवायला सगळी शाळा धावत आली, सगळ्यांच्या पुढे राखी आणि मलिहा. समीक्षाने एका बाकाचं टोक धरलं, दुसरं कुलदीपने, आणि दोघं पोरांच्या गलक्यातून हसत हसत शाळेत शिरले.